तेर्तूची उजवी बाजू

शुक्रवारी दुपारी टपालाची फेरी संपत आली असताना तेर्तूच्या गाडीतला बॅटरीचा लाल दिवा लागला. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढच्या पेटीशी गाडी लावली. एप्रिल महिना. हाउकिवारा गावाच्या कच्च्या रस्त्यांवरचा बर्फ वितळून नुसता राडा झालेला, चाकं चिखलात रुतत होती, आणि अशा वेळी एका दिव्याशी हुज्जत घालायला तिच्या अंगात त्राण नव्हतं.

जुन्या डिझेल गाडीचा एक मोठा गुण असा, की एकदा सुरू झाली की तिचं विजेवाचून काही अडत नाही. फक्त बंद करायची नाही. तेर्तूने ती बंद केली नाही. हेडलाइट मालवले, पंखा बंद केला, एल्लीच्या दारात सहीचं पार्सल द्यायला उतरली तेव्हाही इंजिन घुरघुरत ठेवलं. एल्लीने कॉफीचा आग्रह केला तर "गाडी चालू आहे गं" म्हणून पळ काढला. एरवी एल्लीच्या कॉफीतून आणि तिच्या बडबडीतून सुटायला लोकांना आजारपणं शोधावी लागत, तेवढा तरी दिव्याचा फायदा झाला. घरच्या अंगणात येऊन तिने इंजिन बंद केलं, आणि मग न राहवून पुन्हा किल्ली फिरवली. आतून नुसता टिक असा आवाज आला.

गाडी तिची स्वतःची होती. टपाल कंपनी टपाल देते. गाडी, तिचे टायर आणि तिची दुखणी ज्याची त्याने सांभाळायची. तेर्तूच्या नवऱ्याने, आर्नेने, ही हिरवी डिझेल गाडी इंग्लंडहून बोटीने मागवली होती, कारण तिचं स्टीअरिंगचं चाक उजवीकडे होतं. साऱ्या फिनलंडमध्ये चाक डावीकडे असतं, पण पत्रांच्या पेट्या असतात रस्त्याच्या उजव्या कडेला, खांबांवर ओळीने ठोकलेल्या. चाक उजवीकडे असलं की उतरावं लागत नाही. पेटीला गाडी चिकटवायची, काच खाली, हात बाहेर, झाकण वर, पेपर आत, झाकण खाली. पुढची पेटी. उन्हाळ्यात डास चावतात, हिवाळ्यात झाकणाला बोटं चिकटतात, एवढाच काय तो फरक.

आर्ने गेला, त्याची विहीर आटली, त्याच्या गायी गेल्या, गाडी आणि फेरी राहिली. आणि त्या फेरीत तेर्तूचा उजवा खांदा हळूहळू कामातून गेला. दोन हिवाळ्यांपूर्वी तो पहिल्यांदा अडकला, हात वर जाता जाता मध्येच थांबला, जणू कुणी मागून बाही धरली. तिने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेली नाही, कारण डॉक्टर काय सांगेल हे तिला डॉक्टरपेक्षा आधी ठाऊक होतं. कोट घालताना आधी उजवी बाही चढवायची, कॉफीचा कप डाव्या हातात धरायचा, कुणासमोर केसांना हात लावायचा नाही, अशा युक्त्या तिने शोधल्या आणि ताकास तूर लागू दिली नाही.

पेन्शनला अजून थोडी वर्षं होती. पण खरी धास्ती पेन्शनची नव्हतीच. फेब्रुवारीत टपाल केंद्रावरच्या रीक्काने सांगून ठेवलं होतं की उन्हाळ्यात दोन फेऱ्यांची एक होणार. हाउकिवाराची आणि तळ्यापलीकडची. पलीकडच्या फेरीवर एक तरणाबांड गडी होता, दात दाखवत हसायचा. "ज्याचं काम बिनबोभाट चालेल त्याला फेरी," रीक्का म्हणाली होती. तेर्तूला फेरी हवी होती. ती गेली तर सकाळी उठून काय करायचं, हा प्रश्न तिने स्वतःला एकदाच विचारून बघितला होता. स्वयंपाकघरातलं घड्याळ फार मोठ्याने चालतं, एवढंच उत्तर आलं, आणि तिने पुन्हा विचारलं नाही. म्हणजे सोमवारी सकाळी गाडी उभी राहायलाच हवी होती. बदली माणूस आला की संपलं.

शनिवारी सकाळी काउको रस्ता ओलांडून आला. आर्नेचा हा धाकटा भाऊ समोरच राहायचा. जन्मभर जंगलात झाडं तोडायचं यंत्र चालवून त्याच्या कंबरेचे बारा वाजले होते. आता तो वाकत नसे, पुतळ्यासारखा सरळ चाले, आणि जमिनीवर पडलेली वस्तू म्हणजे त्याच्या लेखी हरवलेली वस्तू. न बोलावता आला आणि बॉनेटसमोर उभा राहिला.

"बसली का गाडी?"

"बसली नाही. मीच बंद केली," तेर्तू म्हणाली.

"मग चालू करून दाखव."

"शनिवारी कशाला चालू करू? शनिवारी टपाल असतं का?"

काउकोने मान हलवली. "अल्टरनेटर गेलाय, बॅटरी चार्जच होत नाही. काल येताना तुझे दिवे बंद होते. मला वाटलं, टपालवाली चोरी करून आली की काय." मग थोडं थांबून, "माझ्या शेडमध्ये एक आहे. माझ्या जुन्या जळक्या गाडीचा, तुझ्याच जातीच्या. तिची मागची बाजू जळली होती, अल्टरनेटर धड आहे."

"मग घेऊन ये ना. उभा काय राहिलास?"

"वाकून काढावा लागेल तो फळीखालून," काउको म्हणाला. "तूच चल."

तर असं होतं. काउकोला वाकता येत नव्हतं आणि तेर्तूला हात वर नेता येत नव्हता. दोघांचा मिळून एक धड मेकॅनिक तयार होत होता, तोही जेमतेम. फरक एवढाच की काउकोचं दुखणं गावजाहीर होतं.

सुरुवात तर झकास झाली. बॅटरीची तार सोडली, पट्टा ढिला करून उतरवला, वरचा छोटा बोल्ट अर्ध्या फेऱ्यात निघाला. उरला तो खालचा लांब बोल्ट, जो अल्टरनेटरच्या दोन्ही कानांमधून आणि इंजिनला जोडलेल्या ब्रॅकेटमधून आरपार जातो आणि ज्याच्यावर अल्टरनेटरचं सगळं वजन असतं. त्याचा नटसुद्धा सुटला. नट सुटला की माणसाला वाटतं काम झालं. तेर्तूने बोल्टच्या डोक्यावर पाना चढवला आणि ओढला. बोल्ट ढिम्म.

"तेल टाक," काउको म्हणाला.

"टाकलं."

"अजून टाक. मग कॉफी पिऊ."

गावच्या रस्त्यांवर कुणी मीठ टाकत नाही, पण टपाल आणायला रोज शहरापर्यंत हमरस्त्याने जावं लागतं, आणि हमरस्त्यावर सगळा हिवाळा मीठ पसरलेलं असतं. ते मीठ वर्षानुवर्षं त्या बोल्टच्या आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत जाऊन बसलं होतं. आता बोल्ट कुठे संपतो आणि ब्रॅकेट कुठे सुरू होतं ते देवाला माहीत. त्यांनी कॉफी घेतली, तेर्तूने केलेला वेलचीचा पाव खाल्ला. काउको म्हणाला पाव कोरडा झालाय. तेर्तू म्हणाली मग दुसरा कशाला घेतोस. पुन्हा तेल टाकलं. पुन्हा ओढलं. बोल्ट ढिम्म.

मग हातोडी. डोक्यावर हळू हळू ठोकायचं, गंज हादरला पाहिजे, बोल्ट चेपता कामा नये. ठोकायचं काम काउकोचं, कारण ते उभ्याने करता येत होतं. मग आधी बोल्ट जरा घट्ट करायच्या दिशेने रेटून बघायचा आणि मग उलटा. ते काम तेर्तूचं. जागा इतकी अडचणीची की पाना धरलेला हात इंजिन आणि बाजूच्या पत्र्याच्या मध्ये कोपरापर्यंत आत जायचा. तेर्तू डावा हात घालत होती. डाव्याने जोर लागत नव्हता, पाना निसटत होता, बोटांची सालं निघत होती.

काउको तिच्या हाताकडे बघत होता. तेर्तूला ते कळलं आणि तिचं अंग गरम झालं. आता विचारणार, असं वाटलं.

"जागाच वेडी आहे," काउको म्हणाला. "इथे डाव्याने बरं पडत असेल."

"हो ना," तेर्तू घाईने म्हणाली. "इथे डाव्यानेच बरं पडतं."

दुपारी काउकोने लोखंड तापवायचा गॅसचा बर्नर आणला. बोल्टला नाही, बोल्टच्या भोवतीच्या ब्रॅकेटला तापवायचं, म्हणजे ब्रॅकेट फुगतं आणि बोल्टची पकड सुटते, हे त्याने तिला तीनदा सांगितलं. तेर्तूने चौथ्यांदा सांगू नकोस म्हणून सांगितलं. शेजारून पाण्याची रबरी नळी जात होती, ती ओल्या फडक्याने झाकली. ब्रॅकेट तापलं, तेलाचा धूर निघाला, अंगणात जळक्या तेलाचा वास पसरला. काउकोने पान्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा लोखंडी पाइप चढवून दिला. तेर्तूने डाव्या हाताने पाइप रेटला, मग डाव्या हाताने आणि पोटाने मिळून रेटला. पाना बोल्टच्या डोक्यावरून सटकला आणि ती तोंडावर पत्र्यावर आदळली.

"डोक्याचे कोपरे जायला लागले," काउको म्हणाला.

"माझ्या की बोल्टच्या?"

"दोघांच्या. आज पुरे. तेल टाकून ठेव. शनिवार आहे, सौना तापवतो."

ती मुळात थकलेली होतीच. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, गरम फळीवर एकटी बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आज ती एका दिवसाची थकलेली नाही. हे थकणं जुनं होतं, आत कुठेतरी मुक्कामाला आलेलं. उष्णतेने खांदा सैल पडला, हात डोक्यापर्यंत गेला, आणि एवढ्याशा गोष्टीचा तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. उद्या निघेल तो मेला बोल्ट, ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. गरम खांद्याला काय, काहीही वाटतं.

रविवारी बोल्टला काहीही वाटलेलं नव्हतं. रात्रभर तेलात भिजूनही तो कालच्या इतकाच अडून बसला होता. काउकोने नवा पाना आणला, सहा बाजूंनी घट्ट बसणारा, आणि तो हातोडीने डोक्यावर ठोकून बसवला. ब्रॅकेट तापवलं, थंड पाण्याचं फडकं बोल्टवर टाकलं, पुन्हा तापवलं. पाइप चढवला. आता मात्र डाव्या हाताचा कोन चुकत होता. पाइप ज्या बाजूला जायला हवा होता तिथे डावा हात पोचतच नव्हता. उजवाच पोचत होता.

तेर्तूला ते कालच कळलं होतं. काल तिने ते कळू दिलं नव्हतं.

"आपण उद्या शहरातून कुणाला तरी बोलावू," काउको म्हणाला. "मी सांगतो रीक्काला. एक दिवस बदली माणूस..."

"नाही."

"तेर्तू."

"बाजूला हो."

तिने उजवा हात आत घातला, पाइप धरला, पाय अंगणातल्या दगडाला टेकवले आणि सगळं अंग मागे टाकलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग कट्ट असा आवाज आला. तो बोल्टचा आवाज होता. खांद्याचा आवाज आला नाही, तो तिला एकटीलाच कळला. खांद्यापासून बोटांपर्यंत एक सणसणीत कळ गेली आणि हात पाइपवरून आपोआप सुटला.

"फिरला!" काउको ओरडला. "अगं फिरला! बाई, तू तो फिरवलास!"

"फिरला ना," तेर्तू म्हणाली. ती गाडीला टेकून उभी राहिली. हसावं की काय करावं ते तिला सुचेना.

आता जोर लागत नव्हता, म्हणून पुढचं काउकोने केलं, ताठ उभ्यानेच, हात लांबवून. बोल्ट पाव पाव फेऱ्याने सुटत गेला, मग हाताने फिरायला लागला, मग बाहेर सरकायला लागला. आणि वीतभर बाहेर येऊन थांबला. मागे स्टीअरिंगचा दांडा होता. बोल्टचं डोकं दांड्याला टेकलं, आणि त्याच्यापुढे जायला जागा नाही. चाक डावीकडे असलेल्या गाडीत हीच जागा मोकळी असते आणि बोल्ट सुरकन निघतो. तेर्तूच्या गाडीत चाक उजवीकडे, म्हणून दांडा उजवीकडे, म्हणून बोल्ट आतच अडकलेला. ज्या सोयीसाठी गाडी समुद्रापलीकडून आणली तीच सोय आता वाट अडवून बसली होती.

काउको बराच वेळ त्या बोल्टकडे बघत राहिला. "आर्नेला मी तेव्हाच सांगितलं होतं," तो म्हणाला, "इंग्रजांची गाडी घेऊ नकोस."

"ती जर्मन आहे."

"मग इंग्रजांनी बिघडवली."

शेवटी इंजिनच्या एका बाजूचा आधार सोडावा लागला. तेर्तूने इंजिनच्या बुडाशी असलेल्या तेलाच्या टाकीखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली जॅक लावला, काउकोने उभ्यानेच जॅकचा लांब दांडा दाबून इंजिन उजवीकडून हळूच उचललं, तेर्तूने डाव्या हाताने बोल्ट तिरका करून ओढला, आणि तो निघाला. लांब, काळपट, मधोमध गंजाने फुगलेला. एवढा वेळ छळून हातात आला तेव्हा किती साधा दिसत होता. काउकोने तो तिच्यासमोर धरला. तिने बघितलं आणि मान फिरवली.

शेडमधला अल्टरनेटर बसला. नवा बोल्ट घालताना काउकोने तो मागून नाही, पुढून घातला. "आता नट मागे," तो म्हणाला. "पुढच्याला काढायला सोपं जाईल. दांडा आड येणार नाही."

"पुढचा कोण?" तेर्तूने विचारलं.

काउको नट आवळत राहिला. रात्रभर चार्जरला लावलेली बॅटरी जोडली, तेर्तूने किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं आणि लाल दिवा विझला. काउकोने बॉनेट आपटून बंद केलं. तेर्तू उजवा हात खिशात घालून बसली होती. संध्याकाळी तिने सुपाचं भांडं डाव्या हाताने उचलायला घेतलं आणि अर्धं सूप चुलीवर सांडलं. काउको तिथेच बसला होता. त्याने फडकं आणून चूल पुसली आणि म्हणाला, "सूप खारट होतं तसंही."

सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा काउको खिडकीत उभा होता. तेर्तूने गाडी डाव्या हाताने वळवली. गिअर डाव्याच हाताशी होता, ते एक बरं होतं. उजवा हात मांडीवर ठेवला होता आणि तो तिथेच राहिला. शहरात टपालाचे ट्रे दुसऱ्या कुणीतरी गाडीत ठेवले. तिने पाठ धरल्याचं सांगितलं. पाठ सगळ्यांचीच धरते, पाठीबद्दल कुणी विचारत नाही.

फेरीच्या पहिल्या पेट्या जंगलाकडेच्या, एकमेकींपासून लांब. तिने पहिल्या पेटीशी गाडी लावली, काच खाली केली आणि हात उचलला. हात खिडकीच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. तिने डाव्या हाताने उजव्याला आधार दिला, कोपर वर ढकललं. कळ आली आणि पेपर चिखलात पडला. मग ती उतरली, चिखलातून पेपर उचलला, मांडीला पुसला, डाव्या हाताने पेटीत टाकला, पुन्हा आत बसली. पुढच्या पेटीशी पुन्हा उतरली. तिसऱ्या पेटीशी पुन्हा. बूट चिखलाने जड झाले. अजून सगळी फेरी पुढे होती आणि तिला आत्ताच झोप येत होती, भर दिवसा, रस्त्यावर उभ्या उभ्या.

वळणापुढे ताइस्तो पेटीपाशी उभा होता. हा म्हातारा सगळ्या गावाचा तक्रारखोर. बर्फ उशिरा पडला तरी त्याची तक्रार, लवकर पडला तरी तक्रार. त्याने खिडकीत हात घातला आणि पेपर घेतला.

"इथे काय करतोयस?" तेर्तूने विचारलं.

"हवा बघायला आलो."

"मग काय म्हणते हवा?"

"ओली आहे," ताइस्तो म्हणाला आणि पेपर काखेत घालून निघून गेला.

त्यापुढच्या पेटीशी रौनी. हातात कुत्र्याचा पट्टा. "जरा कुत्र्याला फिरवायला निघाले," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी पत्रं घेतली. तिचा कुत्रा गेल्या शरद ऋतूत मेला होता, हे तिला आणि तेर्तूला दोघींनाही ठाऊक होतं. पट्ट्याचं रिकामं टोक चिखलात लोळत होतं. पुढे एक जण पेटीचं बिजागर बघत होता, हातात पाना न घेता. एक बाई कुंपणाला टेकून उगाच आभाळाकडे बघत होती, गाडी आली की हात पुढे. कुणी खांद्याचं नाव काढलं नाही. कुणी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही.

एल्लीच्या घराशी येईपर्यंत तेर्तूच्या अंगाचा तिळपापड झाला होता. एल्ली पेटीपाशी उभी होती, आणि तिच्यापाशी मात्र निमित्त नव्हतं. एल्लीला खोटं बोलायची कधी गरजच पडली नव्हती, ती सगळं खरंच सांगत सुटायची.

"तुला कुणी सांगितलं?" तेर्तूने विचारलं.

"सकाळी काउकोचा फोन आला. म्हणाला आज हात अगदीच गेलाय."

"आज? म्हणजे आधीपासून माहिती होतं तुम्हाला?"

"अगं, दोन हिवाळे झाले की," एल्ली म्हणाली. "तू पेपर आत ढकलत नाहीस ना हल्ली, तोंडाशीच ठेवतेस. वर पाऊस पडला की भिजतो. ताइस्तोचा तर रोज भिजतो, त्याची पेटी उंच आहे. तो चुलीवर वाळवून वाचतो."

"ताइस्तो? आणि बोलला नाही कुणाला?"

"तुला बोलला नाही," एल्ली म्हणाली. "आम्हाला रोज सांगतो."

तेर्तूने काच वर केली. राग कुठे गेला ते तिला कळलं नाही, त्या जागी नुसती लाज उरली. दोन हिवाळे ती कोटाच्या बाह्या आणि कॉफीचे कप जपत होती आणि सगळं गाव तिच्यासाठी ओले पेपर वाळवत होतं. त्यांनी ते आनंदाने केलं असेल. उद्याही सगळे पेटीपाशी उभे राहतील, परवाही राहतील, थंडीत, पावसात, हवा बघत आणि नसलेले कुत्रे फिरवत. टपालवालीच्या गाडीपाशी लोकांनी टपाल घ्यायला यायचं असेल तर मग टपालवाली कशाला हवी. हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की गाडी कडेला घ्यावी लागली.

इंजिन चालू ठेवूनच तिने रीक्काला फोन लावला.

"बोल तेर्तू. काय झालं?"

"उद्यापासून दुसरं कुणी बघ."

"आजारी आहेस का?"

"नाही," तेर्तू म्हणाली. मग तिने तो शब्द उच्चारला, जो तिने आर्नेच्या अंत्यविधीच्या दिवशीही उच्चारला नव्हता. "थकले."

रीक्का म्हणाली, "अगं, मी आजच तुला फोन करणार होते. दोन्ही फेऱ्या तुलाच द्यायचं ठरलंय. हाउकिवारा आणि पलीकडची, सगळी मिळून. तो मुलगा नको म्हणाला, फार पेट्या होतात म्हणाला."

तेर्तूला हसू आलं. आधी ती हळू हसली, मग मोठ्याने, आणि मग ते हसणं कधी रडणं झालं ते फोनवर रीक्काला कळलं की नाही कुणास ठाऊक. "नको म्हणाला?" ती म्हणाली. "शहाणा आहे गं तो मुलगा."

उरलेल्या पेट्या तिने केल्या. लोक उभे होते, तिने त्यांच्या हातात टपाल दिलं. आता तिने त्यांच्याकडे नीट बघितलं, त्यांच्या लाल पडलेल्या बोटांकडे, चिखलाने भरलेल्या बुटांकडे. कुणाचेही आभार मानले नाहीत. आभार मानले असते तर त्यांना उगाच घरात पळून जावं लागलं असतं.

घरी अंगणात आली तेव्हा काउको लाकडांच्या ढिगापाशी उभा होता, सरळ, नेहमीसारखा. तिने गाडी बंद केली आणि डाव्या हाताने दार उघडून उतरली.

"चालली का?" काउकोने विचारलं.

"चालली."

"दिवा?"

"लागला नाही."

"मग बरं."

"एल्लीला फोन केलास तू."

"केला," काउको म्हणाला आणि बुटाच्या टोकाने चिखल उकरत राहिला. "तुला राग आला असेल."

"आला होता." तेर्तू गाडीच्या बॉनेटला टेकली. ते अजून गरम होतं. "मी रीक्काला सांगितलं. उद्यापासून नाही जाणार. थकले म्हणून सांगितलं."

काउकोने तिच्याकडे बघितलं. दोन दिवसांचं तेल त्याच्या नखांत अजून होतं. त्याने गाडीकडे बघितलं, बॉनेटकडे बघितलं, आणि पुन्हा तिच्याकडे.

"मग आपण तो बोल्ट काढला कशाला?"

"आजच्यासाठी," तेर्तू म्हणाली.

काउकोने तोंडातल्या तोंडात कसलीशी शिवी दिली, पुढे होऊन गाडीतला रिकामा ट्रे उचलला आणि घराकडे चालू लागला. एरवी तेर्तूने तो त्याच्या हातातून ओढून घेतला असता. आज ती त्याच्या मागून हळूहळू चालत गेली आणि दार त्यालाच उघडू दिलं.